क्रिस्टलची ओळख शिशात मोजू नका

युरोपीय कायद्याच्या लेखी काच आणि ‘क्रिस्टल’ यांतला फरक तराजूवर ठरतो. १९६९ साली युरोपीय समुदायानं काढलेल्या निर्देशानुसार काचेत किमान २४ टक्के शिशाचं ऑक्साइड हवं आणि तिची घनता किमान २.९० हवी. तरच ती शिसेयुक्त क्रिस्टल म्हणून विकता येते. शिशाचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं की तीच काच उच्च दर्जाचं क्रिस्टल ठरते. ती कोणाच्या फुंकरीनं फुगली, तिच्यावर पैलू कोणी पाडले, तो हात तयार व्हायला किती वर्षांची उमेदवारी लागली, यांवर ही २४ आणि ३० टक्क्यांची रेघ ठरत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत एक नवी नोंद केली. फ्रान्स, चेकिया, जर्मनी, हंगेरी, स्पेन आणि फिनलंड या सहा देशांनी मिळून ती मागितली होती. नोंदीचं नाव आहे ‘हातानं काच घडवण्याचं ज्ञान, कला आणि कौशल्यं’. एकाच वारशाची ही दोन मोजमापं आहेत. एक शिसं मोजतं, दुसरं हात पाहतं. आज शिशावरचे निर्बंध कडक होत असताना फ्रान्सच्या नामांकित काचशाळा, म्हणजे काच घडवणारे कारखाने, वारशाच्या नावानं सवलत मागतात, तेव्हा त्या यांपैकी कोणत्या वारशाबद्दल बोलतात, हे त्यांना विचारायला हवं.

माझं मत स्पष्ट आहे. १९६९ ची व्याख्या बदलली पाहिजे. पिण्याच्या आणि पेय साठवण्याच्या भांड्यांतून शिसं ठरावीक मुदतीत हद्दपार झालं पाहिजे. आणि सरकारला या कलेसाठी पैसा खर्च करायचा असेल, तर तो शिशाच्या सवलतीवर न करता नवे हात घडवण्यावर करावा. शिसं गेलं की फ्रेंच क्रिस्टल संपलं, असं म्हणणाऱ्यांना त्या काचेचा स्वतःचा इतिहासच साथ देत नाही.

हा इतिहास लॉरेनमधला, म्हणजे फ्रान्सच्या ईशान्येचा. भट्टीला लागणारं लाकूड, मिश्रणाला लागणारी वाळू आणि लाकडाच्याच राखेतून निघणारं पोटॅश, सगळं तिथल्या जंगलांत हाताशी होतं. बिच गावाजवळच्या म्युन्त्सथालच्या खोऱ्यात १५८६ साली काचेची भट्टी पेटली. १७६६ मध्ये लॉरेन फ्रान्सच्या राज्यात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी पंधराव्या लुईनं या भट्टीला शाही काचशाळेचा मान दिला. तीच आजची सँ-लुई. शिसेयुक्त क्रिस्टल मात्र तिथे १७८१ मध्ये आलं. फ्रान्स्वा द बोफोर यांनी इंग्रजांकडे असलेलं हे तंत्र स्वतःच्या प्रयोगांतून साधलं आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं पुढच्या वर्षी त्यावर पसंतीची मोहोर उमटवली. म्हणजे भट्टी पेटल्यापासून शिसं येईपर्यंत १९५ वर्षं गेली. या काळात त्या परिसरात पिढ्यामागून पिढ्या काच फुंकायला शिकल्या, त्या शिसं नसलेल्या काचेवर.

बाकाराची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण तिचा कल तोच. मर्त नदीच्या काठी १७६४ साली पंधराव्या लुईच्या परवानगीनं ही काचशाळा उभी राहिली. परवानगी मागणारे होते मेत्सचे बिशप मोंमोरान्सी-लाव्हाल. त्यांच्या मालकीच्या जंगलांतल्या लाकडाला गिऱ्हाईक हवं होतं. शिवाय बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेकियातल्या प्रदेशाची, काच फ्रान्समध्ये भरभरून येत होती आणि तिच्यापायी देशाचा पैसा बाहेर चालला होता. बोहेमियाच्या ज्या काचेशी बाकाराला टक्कर द्यायची होती ती पोटॅश आणि चुनखडीची, शिशाचा मागमूस नसलेली. त्याच काचेवर बोहेमियाचे कारागीर इतकं सूक्ष्म कोरीवकाम करत की सारा युरोप तिच्यासाठी पैसे मोजायला तयार होता. त्याआधी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या उस्तादांनी पंधराव्या शतकात ज्या नितळ काचेनं व्हेनिसचं नाव गाजवलं, तीही शिशाची नव्हती.

शिसं बाकारामध्ये आलं ते जकातीच्या वाटेनं. एमे-गाब्रिएल दार्तीग हे आधी सँ-लुईचे संचालक होते. पुढे त्यांनी आजच्या बेल्जियममधल्या वोनेश इथे क्रिस्टलचा कारखाना चालवला. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर नव्या सीमा आखल्या गेल्या आणि वोनेश फ्रान्सबाहेर गेलं. आता स्वतःचाच माल फ्रान्समध्ये आणायला दार्तीगना जबर जकात भरावी लागणार होती. अठराव्या लुईच्या सरकारनं त्यांना जकातीत सूट दिली, पण अट घातली की फ्रान्सच्या हद्दीत क्रिस्टलचा कारखाना काढायचा. १८१६ मध्ये त्यांनी बाकारा विकत घेतलं आणि लवकरच तिथे क्रिस्टलची भट्टी सुरू झाली. ज्याला आज आपण फ्रेंच परंपरेचा गाभा समजतो, तो एका व्यापारी धोरणातून घडलेला आहे. यात कमीपणा काही नाही. पण एका काळाच्या धोरणानं जे आणलं ते दुसऱ्या काळाच्या धोरणाला बदलता येतं, एवढं तरी मान्य व्हावं.

आणखी एक नाव घेतलं पाहिजे. रने लालीक. विसाव्या शतकातल्या फ्रेंच काचेचा विषय निघाला की पहिल्यांदा आठवतो तो हा माणूस. १८६० साली जन्मलेले लालीक आधी दागिने घडवत, मग काचेकडे वळले आणि अल्सासमधल्या विंगेन गावात त्यांनी कारखाना उभारला. त्यांच्या धुकट, दुधाळ झाक असलेल्या फुलदाण्या आणि अत्तराच्या कुप्या आज लिलावात प्रचंड किमतीला जातात. या कामाचा मोठा भाग पूर्ण शिसेयुक्त क्रिस्टलचा नाहीच. १९४५ मध्ये ते वारले आणि त्यांचा मुलगा मार्क यानं कारखाना क्रिस्टलकडे वळवला. आज कायद्याच्या तराजूवर ठेवलं तर रने लालीक यांच्या कित्येक उत्तम कलाकृती ‘क्रिस्टल’ या नावाला पात्र ठरणार नाहीत. व्याख्येचा तोकडेपणा यापेक्षा उघड कुठे दिसेल?

आता शिशाची बाजू. ती खरी आहे आणि ती नीट मांडल्याशिवाय हा वाद प्रामाणिक होणार नाही.

इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७० च्या दशकात काचेच्या मिश्रणात शिसं घालायला सुरुवात केली. पुढे रूढ झालेलं जुनं सूत्र असं: तीन भाग वाळू, दोन भाग शेंदूर, एक भाग पोटॅश. होय, शेंदूरच. शिशाचं लाल ऑक्साइड, आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीला पिढ्यानपिढ्या चढत आलेलं. शिशामुळे काचेत तीन गुण येतात. प्रकाश तिच्यातून जाताना जास्त वाकतो, म्हणून पैलूंतून रंगांची उधळण होते. भट्टीबाहेर काढल्यावर ती जास्त वेळ मऊ राहते, म्हणून फुंकणाऱ्याला घडवायला सवड मिळते. आणि थंड झाल्यावरही ती चाकाखाली मवाळपणे कापली जाते, म्हणून पैलू खोल आणि धारदार पडतात. पेल्याच्या काठावर बोट टिचकलं की घुमत राहणारा नादही तिचाच. या काचेचं सौंदर्य मी कमी लेखत नाही. चांगल्या प्रकाशात तिच्याकडे पाहिलेला कोणीही लेखणार नाही.

पण त्या सौंदर्यात शिशाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे समजून घ्यायला एक प्याला कसा बनतो ते पाहावं. बाकारामध्ये १८४१ पासून बनणारा आर्कूर नावाचा प्याला घेऊ. सपाट रुंद पैलूंचा, षटकोनी पायाचा, हातात घेतला की वजन जाणवणारा.

काच वितळते ती चिकणमातीच्या मोठ्या मुशीत. या मुशी हातानं थरावर थर चढवून बांधतात आणि महिनोन् महिने वाळवतात. घाईनं वाळवलेली मूस भट्टीत तडकली तर आतली सगळी काच वाया जाते. मिश्रण सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला वितळतं. पूर्वी लाकडाच्या आणि नंतर कोळशाच्या आचेवर काच नेमकी कधी तयार होईल ते सांगता येत नसे. म्हणूनच बाकारामध्ये कामगारांची घरं कारखान्याच्या आवारालगत बांधली होती. काच तयार झाली की घंटा वाजे आणि रात्रीच्या कुठल्याही प्रहरी सगळे भट्टीवर हजर होत.

भट्टीपाशी एकटा माणूस काही करू शकत नाही. काम टोळीनं चालतं. एक जण फुंकनळीच्या टोकावर काचेचा गोळा उचलतो. किती फिरवलं म्हणजे किती काच येईल, हे त्याच्या मनगटाला कळतं. दुसरा तो गोळा पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्यात फुंकतो. साच्याच्या भिंतीशी वाफेचा पातळ थर धरतो, त्यामुळे काच लाकडाला चिकटत नाही आणि तिच्या अंगाला गुळगुळीतपणा येतो. तिसरा गरम काचेचा थेंब आणून दांडी ओढतो, चौथा पायाची काच आणतो, आणि टोळीचा उस्ताद लाकडी फळ्यांत धरून पाय सपाट करतो. या साऱ्या वेळात नळी फिरत राहिली पाहिजे. ती थांबली तर गुरुत्वाकर्षण आपलं काम करतं आणि प्याला एका बाजूला लोंबतो. कोणी ओरडून हुकूम देत नाही. पुढच्याची हालचाल आधीच ओळखून प्रत्येक जण आपल्या जागी असतो.

नंतर प्याला तासन्‌ तास सावकाश थंड होतो, नाहीतर आतल्या ताणानं तो आपोआप तडकेल. मग तो पैलू पाडणाऱ्याकडे येतो. हा माणूस प्याला फिरत्या चाकावर वरून दाबतो. चाक आणि काच जिथे भेटतात ती जागा त्याला थेट दिसत नाही. काचेच्या आरपार पाहून, पाण्याच्या धारेतून, तो खोली ओळखतो. बाकीचं तो कानानं आणि बोटांना जाणवणाऱ्या थरथरीवरून करतो. एक पैलू केसभर जास्त गेला तर समोरच्या पैलूशी जुळत नाही आणि तोवर झालेली सगळी मेहनत भंगारात जाते. या कारखान्यांत दोष असलेला प्याला दुकानात जात नाही, तो फोडून पुन्हा मुशीत टाकतात.

आता शेंदराच्या जागी जस्ताचं, बेरियमचं किंवा टायटॅनियमचं ऑक्साइड आलं असं धरू. वर सांगितलेल्यांपैकी काय नाहीसं होईल? काच जरा लवकर आवळेल, चाकाखाली जरा कडक लागेल, प्रकाश किंचित कमी वाकेल. टोळी राहील, साचा राहील, आरपार पाहणारा डोळा राहील. हातांना काही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतील हे खरं. ते कठीण आहे, त्यात सुरुवातीला बराच माल फुटेल आणि त्याचा खर्च कोणीतरी उचलला पाहिजे. पण ज्या हातांनी आजवर लाकडाकडून कोळशाकडे, कोळशाकडून गॅसकडे, वाळूच्या चाकाकडून हिऱ्याच्या चाकाकडे प्रवास केला, त्यांना हे जमणार नाही असं म्हणणं हा त्या हातांचाच अपमान आहे.

शिशाची किंमत कोण मोजतं, हा खरा प्रश्न आहे. पहिली किंमत मोजतो कामगार. मिश्रण कालवताना उडणारी भुकटी, मुशीच्या तोंडाशी येणारी वाफ, पैलू पाडताना चाकाखालून वाहणारा राखाडी गाळ, सगळ्यांत शिसं. ते रक्तात जातं, हाडांत साठतं आणि वर्षानुवर्षं तिथे राहतं. मूत्रपिंड, मज्जासंस्था, प्रजनन, सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. गरोदर बाईच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोचतं. युरोपीय संघानं मार्च २०२४ मध्ये केलेला बदल बोलका आहे. कामगाराच्या रक्तातल्या शिशाची कमाल मर्यादा आधी १०० मिलिलिटरमागे ७० मायक्रोग्रॅम होती, ती १५ वर आणली. मधल्या काळासाठी, २०२८ च्या अखेरपर्यंत, ३० ची मुभा ठेवली. कामाच्या जागेतल्या हवेची मर्यादाही घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅमवरून ०.०३ वर आली. कालपर्यंत कायदा ज्या पातळीला सुरक्षित म्हणत होता, तिचा जवळजवळ पाचवा हिस्साच आता मान्य आहे. जुन्या मर्यादेत आयुष्यभर राबलेल्या माणसांच्या शरीरांचं काय झालं असेल, याचा विचार करताना वारशाबद्दलचे गोड शब्द मला रुचत नाहीत.

दुसरी किंमत मोजतो पिणारा. काचेतलं शिसं पक्कं बांधलेलं असतं, ते बाहेर येत नाही, हा युक्तिवाद वारंवार केला जातो. एका जेवणापुरता भरलेला प्याला असेल तर त्यात बरंच तथ्य आहे. पण १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जोसेफ ग्राझियानो आणि कॉनरॅड ब्लम यांनी केलेली मोजणी प्रसिद्ध झाली. क्रिस्टलच्या सुरयांत पोर्ट वाइन चार महिने ठेवली तेव्हा तिच्यातलं शिसं लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅमवरून २,००० ते ५,००० च्या पुढे गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यासाठीचं मार्गदर्शक मूल्य आहे १० मायक्रोग्रॅम. सुरईचा उपयोगच मुळी पेय ठेवण्यासाठी असतो. वाइन आणि ब्रँडी आम्लयुक्त असतात, आणि आम्ल काचेतून शिसं ओढून घेतं. तुमच्या घरात आजोबांच्या वेळची किंवा परदेशातून भेट आलेली जड क्रिस्टलची सुरई असेल तर ती शोभेला ठेवा. तिच्यात मद्य, सरबत, लोणचं काहीही साठवू नका. लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या ओठांना तर तो प्यालाही लावू नये.

काचशाळा यावर म्हणतात की आमचं उत्पादन थोडं, आमचं काम अद्वितीय, सर्वसाधारण नियम आम्हाला लावू नका. विजेच्या उपकरणांसाठीच्या युरोपीय नियमांत क्रिस्टलमधल्या शिशाला अशी सूट आहेही. झुंबरं तिच्यामुळेच शिसेयुक्त राहू शकतात. झुंबरापुरती सूट मला मान्य आहे, कारण झुंबरातून कोणी पीत नाही आणि जुन्या राजवाड्यांच्या झुंबरांचे तुटलेले लोलक बदलायला त्याच काचेची गरज पडते. पण सवलतीच्या या भाषेला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या काचभट्ट्यांत लहान मुलं सर्रास कामाला असत. फुंकनळ्या नेणं-आणणं, साचे उघडणं-मिटणं, तयार माल थंड करायला वाहून नेणं ही त्यांची कामं. मुलांच्या श्रमावर मर्यादा घालणारा फ्रान्सचा पहिला कायदा १८४१ चा, आर्कूर प्याला बनू लागला त्याच वर्षीचा. १८७४ मध्ये तो कडक झाला, तेव्हा अखंड पेटत्या भट्टीच्या कारखान्यांना मुलांकडून रात्री काम करवून घेण्याची सूट मिळाली. काचशाळांचा त्यांत समावेश होता. भट्टी थांबवता येत नाही, टोळीत मूल लागतंच, असं तेव्हाही सांगितलं जाई. पुढे मुलं भट्टीपासून दूर झाली, आणि काचेची कला जिवंत राहिली. आज कोणालाही त्या सवलतीची हळहळ वाटत नाही.

मग या कलेला खरा धोका कशाचा आहे? माझ्या मते मालकीचा आणि उमेदवारांच्या तुटवड्याचा. आयर्लंडमधलं वॉटरफर्ड पाहा. जगभर गाजलेलं नाव, शिसेयुक्त क्रिस्टल, कोणत्याही नियामकानं बंद न केलेलं. जानेवारी २००९ मध्ये कंपनी डबघाईला आली आणि वॉटरफर्डमधली मुख्य भट्टी बंद झाली. कामगारांनी आवारात ठिय्या दिला, तरी ती पुन्हा पेटली नाही. नाव विकलं गेलं, बहुतेक माल इतर देशांत बनू लागला. शहरात नंतर एक छोटी कार्यशाळा उघडली, जिथे पर्यटक काच फुंकताना पाहू शकतात. लॉरेनमधलं माइझेंथाल १९६९ मध्ये बंद पडलं. नामवंत फ्रेंच काचकलाकार एमील गाले यांची काच जिथे घडली तो हा कारखाना. तोही शिशाच्या नियमामुळे बंद पडला नाही.

बाकारा स्वतः गेल्या वीस वर्षांत हातोहात फिरलं. २००५ मध्ये ते एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेलं, २०१८ मध्ये चिनी मालकांकडे. कर्जाची परतफेड रखडल्यानं सप्टेंबर २०२० मध्ये नान्सीच्या व्यापारी न्यायालयानं कंपनीवर तात्पुरते प्रशासक नेमले आणि वर्षाअखेरीस ती धनको फंडांच्या ताब्यात गेली. त्याच काळात बाकाराचं नाव जगभरच्या तरुणांच्या ओठांवर होतं. कारण? काचशाळेच्या २५० वर्षांच्या निमित्तानं काढलेलं एक अत्तर. नाव काचेपासून सुटं होऊन बाजारात स्वतंत्रपणे फिरू लागलं की मालकाला कारागिराची गरज उरत नाही. शिशाच्या नियमांविरुद्ध जेवढा आवाज उठतो, तेवढा या गोष्टीविरुद्ध उठत नाही याचं मला वाईट वाटतं. सँ-लुईला १९८९ नंतर एर्मेस या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच कंपनीसारखा धीराचा मालक लाभला. पण राष्ट्राचा वारसा म्हणवणारी गोष्ट मालक कोण लाभतो या नशिबावर सोडायची का?

हात टिकवण्याचे उपाय फ्रान्सकडे आहेत. १९२४ पासून तिथे देशातल्या सर्वोत्तम कारागिरांची स्पर्धा भरते, आणि ती जिंकलेला माणूस गळपट्टीवर तिरंगी रंग मिरवतो. लॉरेनमधल्या वान-ल-शातेल गावी काचकला शिकवणारं केंद्र १९९१ पासून चालतं. माइझेंथालच्या बंद कारखान्यात १९९२ मध्ये काचकलेचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं. जुन्या कारागिरांकडून तंत्र शिकून घेतलेली तरुण मंडळी तिथे पुन्हा काच फुंकू लागली. दरवर्षी नाताळसाठी त्यांनी बनवलेले काचेचे गोळे घ्यायला लोक रांगा लावतात. साध्या काचेचे ते गोळे, शिशाच्या टक्केवारीची त्यांना गरज नाही. बंद पडलेली कला पुन्हा पेटवायची तर काय लागतं, हे पाहायचं असेल तर माइझेंथालला जावं.

लोकांच्या पैशानं काचेचे हात घडवणं ही कल्पना आपल्याला परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करून उभा केलेला पैसा फंड, त्यामागे लोकमान्य टिळकांनी लावलेलं बळ, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे निघालेला काचेचा कारखाना मराठी वाचकाला ठाऊक आहे. ईश्वरदास वार्ष्णेय परदेशात काचविद्या शिकून आले आणि त्यांनी तिथे काम उभं केलं. तळेगावच्या मालाचा नफा-तोटा काय झाला यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे शिकलेले कारागीर देशभरातल्या काचकारखान्यांत गेले. वर्गणी देणाऱ्यांनी एका विद्येत पैसा घातला होता.

म्हणून फ्रान्सनं आणि युरोपीय संघानं काय करावं याबद्दल माझं म्हणणं असं. १९६९ च्या निर्देशाऐवजी नवी व्याख्या आणावी, जी काच कशी घडली हे विचारेल. १९६८ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आर्क इथे यंत्रावर शिसेयुक्त क्रिस्टलचे पेले बनू लागले. ते २४ टक्क्यांच्या जोरावर क्रिस्टल ठरले, आणि हातानं फुंकून हातानं पैलू पाडलेला बिनशिशाचा प्याला मात्र त्या नावाला मुकतो. ही विसंगती चालवून घेण्यात कोणाचंच भलं नाही. त्याच आर्कच्या कंपनीनं पुढे शिसं नसलेली टणक, नितळ काच बाजारात आणली. जर्मन कारखान्यांनी टायटॅनियमच्या काचेचे पेले खपवून दाखवले. तंत्र आहे. आता ते हातकामाच्या मुशीपर्यंत पोचवायला संशोधनाचा पैसा हवा, आणि तो सार्वजनिक तिजोरीतून गेला तर मी त्याचं स्वागत करीन.

दुसरं, हस्तकलेच्या वस्तूंना भौगोलिक मानांकन देणारा युरोपीय संघाचा नियम १ डिसेंबर २०२५ पासून लागू आहे. भारतात ही सोय १९९९ च्या कायद्यानं कधीच झाली, आणि पैठणी विणणाऱ्यांना तिचा आधार मिळाला. मानांकनासाठी माल कसा बनतो याचं तपशीलवार वर्णन लिहावं लागतं. लॉरेनच्या काचेसाठी असं वर्णन लिहिलं गेलं, तर त्यात काय असावं हे कारागिरांनी ठरवावं: टोळीची रचना, मुशीतलं काम, फुंकनळी, चाकावरचे पैलू, उमेदवारीचा काळ. शिशाची टक्केवारी त्यात घालू नये. घातली, तर २०२८ नंतर रक्तातल्या शिशाची मर्यादा १५ वर येईल तेव्हा हेच मानांकन कामगारांच्या आरोग्याविरुद्ध वापरलं जाईल.

तिसरं, मुदत. पिण्याच्या भांड्यांसाठी आणि सुरयांसाठी दहा वर्षं मला वाजवी वाटतात. एक पिढी निवृत्त होईल, दुसरी नव्या काचेवर शिकून तयार होईल. त्या दहा वर्षांत दर नव्या उमेदवारामागे काचशाळेला अनुदान मिळावं, आणि ते देताना मालक कोण, मुख्यालय कुठे, हे न पाहता भट्टी कुठे पेटते आणि किती जण तिच्यापाशी शिकतात एवढंच पाहावं. झुंबरं, फुलदाण्या, जुन्या वस्तूंची दुरुस्ती यांना सूट राहू द्यावी, पण कामगारांच्या रक्ताच्या मर्यादेत कुठलीही सूट नको. आजचा पैलू पाडणारा आणि उद्याची पैलू पाडणारी, दोघांनाही निवृत्तीनंतर धडधाकट जगता आलं पाहिजे. ही अट पाळून जे क्रिस्टल बनेल तेवढंच बनावं.